कांदाचाळीचा तज्ज्ञ

नाशिकच्या स्टँडवर देवळ्याच्या गाडीची वाट बघत एक इस्त्रीच्या शर्टातला तरुण आणि एक शेतकरी मावशी माझ्या शेजारी बसले होते.

"काय करतो रं बाबा?"

"कांदा साठवणूक तज्ज्ञ आहे, मावशी. हे माझं कार्ड."

"घरी कांदा पिकतो?"

"नाही. आधी द्राक्षतज्ज्ञ होतो, पण तिथं गर्दी फार झाली. साठवणुकीत अजून कोणीच नाही."

"खरं हाय. आमी चाळीस वर्सं कांदा चाळीत भरला, पण कार्ड छापायचं नाय सुचलं."

"मावशी, ढिगाच्या आत कांदा सडतोय हे तुम्हाला कसं कळतं?"

"कोपरापर्यंत हात घालायचा. जिथं गरम लागंल, तिथं सडाया लागलंय समजायचं."

"थांबा, मोबाइलसमोर परत सांगा. माझ्या व्हिडिओत घेतो."

"तोंड दिसंल का माझं?"

"नाही, फक्त हात. आवाज मी माझा टाकीन."

"मग बांगड्या काढून ठिवते. हातबी तुझाच वाटंल."

"चालेल की! मावशी, गाडी लागली. कार्ड जपून ठेवा. चाळीत काही सडलं तर फोन करा, पहिला सल्ला फुकट."