दोन्ही हातांचं बीपी

धायरीच्या मोफत दवाखान्यात पुढचे पेन्शनर गृहस्थ डॉक्टरीणबाईंसमोरची खुर्ची सोडायला तयार नव्हते. ठणकता गुडघा धरून मागे बसलेल्या नंदाबाईंचा पारा चढत चालला होता, कारण दवाखाना बंद व्हायला आला होता.

“काका, बीपी उत्तम आहे.”

“हे उजव्या हाताचं झालं. डावा राहिला की!”

“डावाही उत्तम. त्रास काय होतोय?”

“छे, त्रास कसला? ठणठणीत आहे.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? गोळ्या राहिल्या.”

“कशावरच्या देऊ?”

“फुकट आहेत ना? असतील त्या द्या. आजार मागाहून बघू.”

नंदाबाई उठल्याच.

“अवो भाऊसाहेब, हितं डॉक्टरीण फुकट, गोळ्या फुकट. दुखणं तेवढं घरनं आणावं लागतं. मी आणलंय. उठा!”