बाकावरचा हरप्रीत

केबल घरोघरी नुकती आली होती ना, तेव्हाची गोष्ट. आम्ही चंदीगडला होतो, बाबा तिथे डॉक्टर. शेजारच्या गिल आंटींचा साडेसहा फुटी हरप्रीत बास्केटबॉलच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजात गेलेला. त्या हंगामात त्यांच्या संघाचा एक सामना टीव्हीवर दाखवणार असं कळलं आणि सकाळीच अख्खी गल्ली गिलांकडे जमली. आंटींनी दोन वर्षांत मुलाला पाहिलंच नव्हतं.

सामना सुरू झाला, पण हरप्रीत बाकावरच. अर्धा खेळ संपला तरी कोचने त्याला उतरवलं नाही. खेळाडू धापा टाकत बाहेर आले, की हा उठून त्यांना टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या द्यायचा. गिल अंकल मान खाली घालून बसलेले.

आई हळूच म्हणाली, "भाभीजी, अगली बार ज़रूर खेलेगा."

आंटींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "खेल लेगा, बहनजी. घर में तो अपना गिलास भी नहीं उठाता था. आज देखो, सबको पानी पिला रहा है."

आधी अंकल हसले, मग सगळेच. सामना कोण जिंकलं, ते मात्र आम्हाला कुणालाच आठवत नाही.