जावयाच्या घड्याळाचा पट्टा

आमच्या आबांची अक्कल सांगतो राव, हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा. ताईच्या लग्नात चाकणच्या सोयऱ्यांनी नवरदेवासाठी नवंकोरं स्विस घड्याळ मागितलं. आबांनी पेटीतून स्वतःचं स्विस घड्याळ काढलं. पंचवीस वर्षं राबल्याबद्दल कंपनीनं दिलेलं. मशीनवर काम करताना घड्याळ घालू देत नाहीत, म्हणून कधी घातलंच नव्हतं.

"पट्टा बदल, नवं दिसंल," म्हणाले.

मी सुईनं पट्ट्याच्या पिना काढून घड्याळ उलटं केलं, तर मागं आबांचं नाव कोरलेलं.

"म्हणून तर घड्याळाच्या खालूनबी चामडं येतंय असला पट्टा आणलाय. नाव झाकतंय."

"आणि नवरदेवानं पट्टा बदलला तर? ताईला घरी पाठवतील ते."

आबांनी घड्याळाला चावी दिली. "पट्टा झिजायला वरीस-दोन वरीस जात्यात. तवर तिच्या पदरात पोर असंल. मग कुठं धाडत्यात?"