पालथी भांडी

जिनेट: बस की. उभ्या उभ्या पत्र मागायला आलीस, का टपाल टाकायला?

टेसा: तुमचा वेळ नको घ्यायला, मॅडम. पाकिटात सगळं आहे. फोटो, मार्क, तिकीट लावलेला लिफाफा.

जिनेट: वेळाला काय तोटा? बर्फाचा चहा घे. म्हणजे तुलाही सोरॉरिटीत, कॉलेजातल्या पोरींच्या त्या मंडळात, शिरायचंय. अख्ख्या अलाबामात उन्हाळ्यात पोरींना दुसरं काम नाही. माझ्याकडे कुणी धाडलं?

टेसा: आईनं. सोरॉरिटीच्या प्रत्येक घराला त्यांच्याच जुन्या सभासद बाईचं शिफारशीचं पत्र लागतं ना. आई म्हणाली, जिनेटबाईंकडे हल्ली कुणी जात नाही, त्या नाही म्हणायच्या नाहीत.

जिनेट: तोंडाची फटकळ दिसते. नाव काय तिचं?

टेसा: लोर्ना पिकेट. चौकातलं केसांचं दुकान.

जिनेट: अगं, मग माझ्याकडे कशाला? गावातल्या सगळ्या सभासद बायका तिच्यापुढे मान मागे टाकून बसतात.

टेसा: बसतात. केस धुताना नवऱ्याचं, सुनेचं, सगळं ओकतात. आईनं पॅट्सीबाईंना विचारलं, लेकीला पत्र द्याल का. म्हणाल्या, पाकीट दे धाडून. मर्लबाईही तेच म्हणाल्या. पुढच्या खेपेला दोघी आल्या, केस करून घेतले, बक्षिशी जरा जास्तच ठेवली. पत्राचं नाव नाही.

जिनेट: आणि तुझी आई?

टेसा: थँक्यू म्हणाली. मग मागे जाऊन टॉवेल धुतले. धुतलेलेच.

जिनेट: हं. इथं फॉर्मवर आईचं काम लिहायची जागा कोरी आहे.

टेसा: मीच ठेवली.

जिनेट: पेन तिथं आहे. लिही.

टेसा: लिहिल्यावर घेतील का?

जिनेट: न लिहिताही ओळखतील. चपला बघून ओळखतात त्या पोरी. पण निदान आईला तू तरी लपवू नकोस. एवढं कशाला हवंय तुला ते घर?

टेसा: तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही, मॅडम. कॉलेज बघायला गेले तेव्हा जेवणघरात ताट घेऊन नुसती फिरत होते. कुणी सरकलं नाही. शेवटी जिन्यावर बसून खाल्लं. घर मिळालं तर जेवायला शेजारी कुणीतरी असेल.

जिनेट: आम्हाला सांगितलं होतं, जन्मभराच्या बहिणी. घर कुठलंही असो, गावात सगळ्या एकच. गेल्या थंडीत माझा नवरा गेला, हॉलिस. त्याच्या मातीला झाडून सगळ्या आल्या, गळ्यात पडल्या, जेवण ठेवून गेल्या. त्यानंतर ही घंटा आज तू वाजवलीस.

टेसा: ती खिडकीखालची काचेची भांडी त्यांचीच?

जिनेट: पालथी करून बघ.

(टेसा एकेक भांडं उचलून बघते.)

टेसा: चिकटपट्टीवर नावं आहेत. पॅट्सी. मर्ल. हे डॉटबाईंचं. घासूनपुसून ठेवलीत, मग परत का नाही केलीत? आई तर आठवड्यात पोचवते.

जिनेट: पोचवली असती तर त्यांना इकडे यायला निमित्त काय उरलं असतं? म्हटलं, माझ्यासाठी नाही तर भांड्यासाठी येतील. नवीन घेतली वाटतं.

टेसा: फोन करायचा होता.

जिनेट: काय सांगू फोनवर? भांडं घेऊन जा आणि जाताना थोडं बोल माझ्याशी? माझं पत्र मी आज लिहिते. पण एका घराच्या भरवशावर राहिलीस तर निवडीच्या पहिल्याच दिवशी बाहेर पडशील. ती भांडी उचल. स्वतःचं भांडं घेऊन आलेल्याला दारातून लावता येत नाही. आत घ्यावंच लागतं. आणि रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, ठाऊक आहे ना?

टेसा: आई केक घालून देते.

जिनेट: तू पाकीट घाल. तुझं, आईच्या कामासकट. समोर बसून पत्र लिहून घे. म्हणावं, जिनेटनं धाडलंय.

टेसा: मग तुमच्याकडे कुणी कशाला येईल?

जिनेट: तू तुझं बघ. लवकर ने, माझा विचार बदलायच्या आत.

टेसा: डॉटबाईंचं नेत नाही मी.

जिनेट: वेडी आहेस का? कॉलेजात डॉटच्या सोरॉरिटीचं घर सगळ्यांत मोठं. तिचं पत्र हातचं घालवशील.

टेसा: जाऊ दे. एक राहू दे इथं.

जिनेट: ...खिडकीत ठेव मग. रस्त्यावरून दिसेल असं.