मिस्त्री आत झोपलेत

नाय, मिस्त्री झोपलेत, एकदा सांगितलं ना. ताप हाय त्यांना. रेडिएटरचं काय ते मला सांगा, मी बायको त्यांची, रंभा — पंधरा वर्षं या दुकानात बसते, पनवेलात कोणालाही विचारा. बॉनेट उघडा. हां. गाडी दोन सीटची, वरचा टप कापलेला, आत इंजिन मोठं, कॉन्टेसाचं बसवलंय, आणि रेडिएटर मात्र जुना तोच — मग तापेल नाय तर काय होईल? खोपोली सोडून घाट लागला की काटा लालवर जातो ना? जाणारच. नळ्यांच्या चार ओळींचा? कोणी सांगितलं तुमाला? जाळी एवढी जाड केली तर मागच्या ओळीपर्यंत वारा पोचायचा नाय, साहेब, आणि गाडीच्या तोंडाशी तेवढ्या जाडीला जागा तरी कुठे हाय. तीन ओळींचा घ्या, तांब्याचा, रुंदीला चार बोटं वाढवून. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, खरंय, पण रस्त्यात फुटला तर सांधणार कोण?

पुन्हा तेच. तुमाला रेडिएटर हवाय की मिस्त्री? एक विचारू — तळोज्याहून आलात ना? नाय कसं? नंबर पुण्याचा, मग चाकांना तिकडचा पिवळा चिखल कुठून आला? तिथल्या रेडिएटरवाल्या सुशांतनं पाठवलं असेल. नवी मशिनं आणलीत त्यानं, आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटलाय, काशिराम मिस्त्रीचा हात गेला, तिथे काम टाकू नका म्हणून. हाताला काय झालंय त्यांच्या? काय झालेलं नाय. तो आवाज? गलास पडला. चहाचा. — हो, झोपलेत म्हणाले मी. मग उठले असतील. ताप आलेला माणूस चहाला उठत नाय का? आणि माझ्या बोटांकडे काय बघताय? तव्याचा चटका हाय तो.

कोणाची जीप? विश्वजीतची? ती, ब्याण्णव साली इथूनच रेडिएटर नेलेली? गोव्याला जाते-येते आणि थेंब गळत नाय — नायच गळणार. वरच्या टाकीच्या कोपऱ्याला डाख दोनदा दिलाय, आधी पातळ, मग जाड, आणि कथील थिजेपर्यंत हात हलवायचा नाय, श्वाससुद्धा धरून ठेवते मी —

ठेवतात. मिस्त्री ठेवतात.

ऐकलंत ना? मग सगळंच ऐका. एक्याण्णवपासून थरथरतायत त्यांचे हात, झालं? त्यांनी सांधलेली टाकी पाण्यात बुडवली की बुडबुडेच बुडबुडे. एक दिवस मी डाखाचं तापलेलं हत्यार त्यांच्या हातातून काढून घेतलं. गिऱ्हाईक आलं की ते बाहेर खुर्चीत बसायचे, मी पडद्यामागे डाख द्यायची, आणि काम झालं की तेच नेऊन द्यायचे, दोन्ही हातांनी छातीशी धरून. आता खुर्चीतही बसवत नाय. तुमच्यासारखे मोठ्या इंजिनवाले येतात ते त्यांच्या हातासाठी येतात, माझ्या नाय. कळलं ना तुमाला? आता जाऊन सांगा सुशांतला.

नाय पाठवलं त्यानं? असेल. नसेल. मला कसं कळणार? माप घेतलंय मी, एकोणीस इंच रुंद, तीन ओळी. पटत नसेल तर गाडी काढा. पटत असेल तर चावी त्या खिळ्याला लावा आणि बेस्तरवारी या. मिस्त्रींना भेटायचं होतं ना — भेटलात. निघा.