खिडकीबाहेरचा तुकडा

...बस की, उभा का? माशाचा वास येतो? मला तीस वर्षांत नाही आला बघ. तर माझ्या पदकाच्या समारंभात काय बोलायचं म्हणतोस — लिही, ‘गुन्वोरबाईंनी तीस वर्षं समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या सॅमन माशांची चरबी मोजली, रंग पाहिला, अन् एकही अहवाल चुकला नाही.’ लोकांना गहिवरून येईल. हा फिक्या-गडद रंगपट्ट्यांचा पंखा माशाशेजारी धरायचा, जुळणारी पट्टी बघायची, रंगाचा आकडा सांगायचा — रंग येतो खाद्यातून, म्हणजे आपणच भरवायचा नि आपणच वाखाणायचा. अन् चरबीला दोन वैरी, ऊब आणि उजेड. दरवर्षी नव्या पोरींना शिकवते मी. मी शिकवते.

एक अहवाल जरासा — हे नको लिहूस. सहा वर्षांपूर्वीचा जून, शुक्रवार, तीन वाजलेले, सगळे सुट्टीला डोंगरातल्या घरांकडे पळालेले. फ्रिजमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक — प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, वा — जागाच नाही, मग मी तपासायचा माशाचा तुकडा काचेच्या बरणीत घालून खिडकीबाहेर ठेवला. बाहेर चार अंश. तुझी आईपण थंडीत असंच बाहेर ठेवते की नाही? पण जूनमध्ये इथे उत्तर टोकाला सूर्य मावळतो का? तू दक्षिणेचा, तुला काय ठाऊक. तीन दिवस, तीन रात्री उन्हात. सोमवारी मासा फिका, चरबी खवट. मी अहवाल लिहिला, छान वळणदार अक्षरात.

मासा कुणाचा? ओड्वारचा. माझ्या सख्ख्या भावाचा — जुन्या अहवालावरचं आडनाव वाचूनही कळलं नाही तुला, हुशार आहेस. अहवाल वाचून गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, पिंजरे विकावे लागले. आता फेरीबोटीवर दोर बांधतो, सकाळी तुझ्या बोटीचाही त्यानंच बांधला असेल. एकदाच विचारलं त्यानं, ‘गुन्वोर, नक्की ना?’ मी म्हटलं, ‘यंत्र खोटं बोलत नाही.’ खोटं यंत्र नव्हतंच बोललं, मी बोलले.

त्याच माशाचा दुसरा तुकडा फ्रीझरमध्ये होता ना. शंका आली तर आधी तो तपासायचा, मग अहवाल — असा नियम आहे, मीच भिंतीवर लावलाय. मी मंगळवारी तपासला. अहवाल गेल्यावर. मासा उत्तम होता, इतका उत्तम की मी इथंच, तू बसलास त्या खुर्चीत, रडले. अन् त्या दुसऱ्या तपासणीचा कागद या खणात ठेवला.

काय झालं, पेन थांबलं? घे हा कागद. नाही, घेच. बोट चारची आहे, दोर सोडायला ओड्वार येईल, त्याच्या हातात दे. मी सहा वर्षं रोज उद्या देणार होते. पदकाचं नंतर ठरवा तुमचं तुम्ही. निघ आता — आणि दार लावून घे, मासा उघडा आहे, उजेड लागतो.