डब्यातली ज्वारी

संगमनेरला मनाच्या डॉक्टरांकडे सुकन्या नंबराची वाट बघत बसली होती. रोजच्या चांगल्या गोष्टी लिहायला दिलेली वही मांडीवर होती, आणि ती कोरीच होती. शेजारच्या बाकावर चांगुणा आपल्या थोरल्या जावेला, लंकाबाईला, घेऊन बसली होती.

"आक्का, तुमची वही कुठंय? डॉक्टर मागतील."

"मला कुठं लिवता येतंय? चांगलं काय घडलं, की ज्वारीचा एक दाना डब्यात टाकत हुते."

"कंच्या डब्यात?"

"चुलीमागच्या."

"आगं बया! ती ज्वारी तर मी दळनात घातली!"

"ठावं हाय."

"आन् बोलला न्हाई?"

"काय बोलू? मालक गेल्यापासून घास उतरत नव्हता. त्या पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्या मी."

"आता डॉक्टरला काय दावायचं?"

"ह्यो बघ डबा. एक दाना हाय की."

"कशाचा?"

"सकाळी तेल लावून माझी येनी घातलीस, त्याचा."

सुकन्याचा नंबर पुकारला.

"मावशी, आधी तुम्ही जा."

लंकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चांगुणे, पिशवीच्या कोपऱ्यात ज्वारीचा आनखी एक दाना गावतो का बघ गं."